फासळी दिसते म्हणून घाबरू नका, आणि कॅल्शियमचा डबा आधी फडताळात ठेवा

मागच्या अंकात केळीच्या बागेला राखण म्हणून कारवानी, म्हणजे पळणाऱ्या शिकारी जातीचं, कुत्रं पाळावं का, यावर चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक कुत्र्यांनाच द्यायची वेळ आली. आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे, खायला काय घालायचं.

एक गोष्ट आधीच बोलून घेतो म्हणजे परत परत लिहायला नको. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, मग तो ससा असो, हरीण असो, आणि रानडुकरानं पीक कितीही लोळवलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय कुत्री घालून त्याला मारता येत नाही. म्हणजे तुमचं कुत्रं शिकारी घराण्यातलं असलं तरी त्याची नोकरी आता राखणदाराची आहे. पगार नोकरी बघून द्यायचा, घराणं बघून नाही. बरेच जण इथंच चुकतात, ओट्यावर दिवसभर झोपणाऱ्या कुत्र्याला शिकारीचा खुराक आणि रात्रभर बांधाबांधानं पळणाऱ्याला उरलेली भाकर.

प्रश्न : दोन कारवानी पिल्लं आणलीत सोलापूरकडून, दोन महिन्यांची. सकाळी म्हशीचं दूध-पोळी, रात्री दूध-पोळी असं चालू आहे. पोट नगाऱ्यासारखं दिसतं पण पाठीचा कणा हाताला लागतो. पुढचे पाय जरा बाहेर वळल्यासारखे वाटताहेत. मेडिकलवाल्यानं कॅल्शियम पावडरचा डबा दिलाय, रोज किती चमचे टाकू?
— केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, आजच्या घडीला शून्य चमचे. डबा फडताळात ठेवून द्या आणि पिल्लांना गाडीत घालून डॉक्टरांकडे न्या, कारण पाय वळलेत ते नक्की कशानं हे फोटोवरून सांगायची माझी तयारी नाही. गुळगुळीत फरशीवर पिल्लं वाढवली तरी पाय फाकतात, आणि खाण्यात खोट असली तरी वाकतात.

पोट नगारा आणि कणा काटकुळा, हे मात्र जंतांचं चित्र आहे. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, नंतर दुधातूनही येतात, त्यामुळे "आमची पिल्लं बाहेर गेलीच नाहीत" याला काही अर्थ नाही. जंताचं औषध खरं तर दोन आठवड्यांचं पिल्लू असल्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. आणि डोस वजनावर. घरात लहान पोरं असतील तर हे आणखीच मनावर घ्या, हे जंत माणसाच्या पोरांनाही बाधतात. तिथंच पहिल्या लशीचंही विचारून घ्या, सहा ते आठ आठवड्यांत ती सुरू व्हायला हवी. पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा ओकारी-जुलाबाचा रोग, झाला की चांगल्या खुराकाचा काही उपयोग राहत नाही.

आता कॅल्शियम. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम अंगात न घेता बाहेर टाकतं, पण लहान पिल्लाला ती अक्कल अजून आलेली नसते, जेवढं घालाल त्यातलं बरंचसं ते शोषून घेतं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. पिल्लांच्या चांगल्या पॅकेटच्या खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, त्यावर पावडर टाकली की जास्त झालं. उलटं टोक म्हणजे नुसत्या मटणावर वाढवलेलं पिल्लू, मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून काढतं, हाडं पोकळ होतात आणि ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. एकाकडे पैसा जास्त, दुसऱ्याकडे खाटकाची ओळख, आणि दोघांची पिल्लं माझ्या टेबलावर सारख्याच वाकड्या पायांनी उभी राहतात.

म्हशीच्या दुधाचं म्हणाल तर घरचं आहे म्हणून सगळे घालतात. कुत्रीच्या दुधात प्रोटीन म्हशीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतं आणि साखर कमी. वर पोळीचा मैद्यासारखा लगदा. पोट भरतं, बाळसं येत नाही, शी पातळ होते. दूध बंद करा असं म्हणत नाही, वाटीभर दही किंवा ताक चालेल, पण ते जेवण नाही.

हिशोबच हवा असेल तर, सहा किलोच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. हे चार वेळांत वाटायचं. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पिल्लांचं पॅकेटवालं खाणं असेल तर २०० ते २२० ग्रॅम होतं, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. दोन पिल्लांचा खर्च झेपत नसेल तर निम्मं पॅकेट आणि निम्मं घरचं, म्हणजे उकडलेलं बिनहाडाचं चिकन, उकडलेलं अंडं, मऊ भात, थोडा लाल भोपळा, मीठ-मसाला काही नाही. पूर्ण घरच्यावर वाढवायचं असेल तर करता येतं, पण मग कॅल्शियम खरंच लागतं आणि किती ते वजन करून डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, मेडिकलच्या काउंटरवर नाही. आणि सध्याचं खाणं एका दिवसात बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा.

पिल्लू गुबगुबीत करायची घाई करू नका हो. कारवानी हे हळू भरणारं जनावर आहे, सांध्यांवर वजन आधी आणि हाडात ताकद नंतर असं झालं की पुढं आयुष्यभर लंगडतं.

प्रश्न : भाऊ, मना कुत्रा भाकर खास नही, काय करू? मुधोळ आहे, तीन वर्षांचा, वजन २२ किलो. पुतण्यानं पुण्याहून पॅकेट आणलं होतं, ते संपल्यापासून भाकरीला तोंड लावत नाही. तीन फासळ्या दिसतात. गावात लोक म्हणतात उपाशी ठेवला.
— शिरपूर

उत्तर : गावातल्या लोकांना सांगा, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघता तेव्हा त्याचं पोट सुटलेलं चालतं का? मुधोळ, कारवानी, पश्मी ही सगळी पळणारी कुत्री, पातळ कातडीची, खोल छातीची, कंबर आत ओढलेली. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हे त्यांचं नॉर्मल आहे. डोळ्यानं नाही, हातानं बघा, फासळ्यांवरून बोटं फिरवली तर वर पातळ मऊ थर लागला पाहिजे. कणा आणि कमरेच्या हाडाची दोन्ही टोकं खुंटीसारखी वर आली, मांडीचं मांस उतरलं, तर मग काळजी. आणि महिन्यातून एकदा वजन करा, काटा नाही म्हणू नका, भुसाराच्या दुकानात त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, वजाबाकी करायची.

मात्र भूक अचानक गेली असेल, हिरड्या फिक्या दिसत असतील, कानात गोचिड्या असतील तर हा लेख बाजूला ठेवून रक्त तपासून घ्या. गोचिडीच्या तापात पहिलं लक्षण बऱ्याचदा हेच असतं, भाकर खात नाही.

तसं काही नसेल तर तो चवीला चटावलाय एवढंच. २२ किलोच्या साधारण कामाच्या कुत्र्याला दिवसाला ११०० ते ११५० कॅलरी लागतात. ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत २७० च्या आसपास असतात, म्हणजे चार भाकरींत हिशोब बसतो आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या कुत्री भाकरीवर जगली. पण जगणं वेगळं. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा गरजेचा घटक फार कमी असतो, त्यामुळे दादर ज्वारीची कितीही गोड भाकर असली तरी नुसत्या भाकरीवर केस राठ होतात, मांस चढत नाही. आपल्याकडची कळण्याची भाकर मात्र इथं कामाची आहे, ज्वारीत उडीद असल्यानं ती उणीव बरीचशी भरून निघते. मीठ न घातलेल्या दोन कळण्याच्या भाकरी कुस्करून, त्यात घट्ट शिजवलेली मुगाची डाळ, दोन अंडी किंवा दीड-दोनशे ग्रॅम उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, वरून चमचाभर तेल. वीस मिनिटं पुढं ठेवायचं, नाही खाल्लं तर उचलायचं, मध्ये बिस्कीट-पाव काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुपचूप खातो. बायको दया येऊन मागच्या दारानं पोळी देते तिथं हा उपाय चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

एक उणीव राहतेच. या ताटातही कॅल्शियम कमी पडतं. मोठ्या कुत्र्याला घरच्या जेवणात अंड्याच्या कवचाची वाळवून अगदी बारीक दळलेली पूड घालता येते, छोटा अर्धा चमचा पुरतो. पॅकेटवाल्याला नको आणि पिल्लाला तर नकोच, वर सांगितलंच.

प्रश्न : पॅकेटवर चिकनचं चित्र सगळ्यांच्याच असतं. कोणतं घ्यायचं ते कसं कळणार? सुट्टं स्वस्त मिळतं, ते चालेल का?
— धुळे

उत्तर : चित्र बघू नका, पाठ बघा. घटकांची यादी वजनाच्या क्रमानं असते, पहिल्या दोन-तीन नावांत मांस किंवा त्याची पावडर आहे की नुसता मका आणि कोंडा हे तिथं कळतं. मग प्रोटीनचा आकडा, पण तो पाणी वगळून बघायचा. कोरड्या खाण्यात १० टक्के पाणी आणि २४ टक्के प्रोटीन असेल तर पाणी काढल्यावर ते २६-२७ होतं. ओल्या पाऊचवर ८ टक्केच लिहिलेलं असतं आणि माणूस नाक मुरडतो, पण त्यात ८० टक्के पाणी आहे, ते काढलं तर ४० टक्के. अर्थात पाऊचनं २० किलोचं कुत्रं पोसायचं म्हणजे केळीचा भाव चांगला लागायला हवा. पाणी वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि पिल्लाला साडेबावीस टक्के प्रोटीन असं जगभर धरतात. आणि ते "संपूर्ण आहार" आहे की नुसतं पूरक, हे शब्द शोधा, पूरकवर पिल्लू वाढत नाही.

सुट्टं घेऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात ४५ अंशाला उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, वास घेतला तरी कळतं, जुन्या तेलाच्या डब्यासारखा. पावसाळ्यात बुरशी. बुरशी लागलेल्या मक्यात आणि शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते कुत्र्याच्या लिव्हरला फार लवकर खातं. हेच घरच्यालाही लागू, खराब झालेला मका "कुत्र्याला होईल" म्हणून दळून आणतात, तो उकिरड्यावर टाका.

प्रश्न : कुत्रा रात्री मक्यात राखणीला असतो, डुकरं हाकलतो, चार-पाच तास पळापळ. संध्याकाळी पोटभर घालूनच सोडतो म्हणजे अंगात जोर राहील. बरोबर आहे ना?
— चोपडा तालुका

उत्तर : नाही. आणि या प्रश्नावर मी जरा जास्त जागा घेणार आहे.

खोल छातीच्या कुत्र्याचं पोट आत झोक्यासारखं टांगलेलं असतं. ते भरलेलं असताना पळालं, उड्या मारल्या, वर गटागटा पाणी प्यायलं तर पोटात वायू धरतो आणि कधीकधी पोट स्वतःभोवती फिरतं, पीळ बसतो. तोंड दोन्हीकडून बंद. तापी काठच्या एका मळ्यात असाच एक कारवानी बघितलेला आठवतो, रात्री बाराचा सुमार, मोटरसायकलच्या लाईटमध्ये. तो मान लांब करून ओकायला बघत होता आणि फेसाशिवाय काही येत नव्हतं, बसायचा, लगेच उठायचा, परत बसायचा. डाव्या कुशीवर टिचकी मारली तर डफावर मारल्यासारखा आवाज. मालक म्हणत होता सोडा पाजलाय, ओवा पाजलाय, तासाभरात बरं वाटेल. तिथून ऑपरेशन होईल अशा ठिकाणी पोचेपर्यंत अडीच तास गेले होते आणि कुत्रं रस्त्यातच गेलं. सुटलेलं पोट आणि कोरडी ओकारी ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पाजायचं काहीच नाही, गाडी काढायची.

म्हणून मुख्य जेवण सकाळी, राखण संपवून आल्यावर. आल्या आल्या नाही, तासभर सावलीत धाप बसू द्या, थोडं थोडं पाणी, मग जेवण, मग झोप. संध्याकाळी चारच्या सुमाराला हलकं काहीतरी, दिवसाच्या वाट्यातला चौथा हिस्सा, म्हणजे सोडायच्या आधी तीन-चार तास मिळतात. कुत्र्याला पळताना लागणारी ताकद संध्याकाळच्या भाकरीतून येत नाही, कित्येक दिवसांच्या खाण्यातून अंगात साठलेली असते. लांब पळणारं कुत्रं तर चरबीवर चालतं, त्यामुळे राखणीच्या दिवसांत भाकर वाढवू नका, तेल-चरबी हळूहळू वाढवा, मटणाची चरबी, अंड्याचा बलक. एकदम वाढवलीत तर जुलाब. अशा कामाला रोजच्यापेक्षा दीडपट-दुप्पट कॅलरी सहज लागतात, मका काढून झाला की परत कमी करायच्या, हे मात्र सगळे विसरतात आणि दिवाळीनंतर कुत्रं पिंपासारखं होतं.

पाणी किलोमागं ५०-६० मिली ही साधी गरज, २० किलोला सव्वा लिटरपर्यंत, उन्हाळ्यात आणि पळापळीत त्याच्या दुप्पटही. मळ्यात मातीचं भांडं सावलीत ठेवा, पत्र्याच्या डब्यातलं पाणी मे महिन्यात चहा करता येईल असं तापतं.

प्रश्न : आमच्याकडे पाड्यावर कुत्र्यांना बाजारच्या दिवशी बोकडाचं आतडं-फुप्फुस कच्चंच टाकतात. कधी जंगलातलंही मांस असतं. शिकारी कुत्र्याला कच्चंच मानवतं असं म्हणतात.
— सातपुडा पायथा, नंदुरबार जिल्हा

उत्तर : जंगलातल्या मांसाचं उत्तर वर कायद्यानं दिलंय. बोकडाच्या कच्च्या फुप्फुस-कलेजीत पाण्यानं भरलेले फोड असतात, ते बघितले असतील तुम्ही. ते फोड कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीकसा पट्टकृमी वाढतो, कुत्र्याला काही होत नाही, पण त्याच्या शीतून अंडी पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात तेच फोड होतात. हे ऑपरेशन करून काढावे लागतात. मेंढपाळांच्या वाड्यांवर, ठेलारी लोकांच्या कुत्र्यांबाबत मी हे कायम सांगतो. तेच आतडं-फुप्फुस अर्धा तास खळखळ उकळा, मग निर्धास्त घाला, प्रोटीन उत्तमच आहे. फोड असलेला तुकडा जमिनीत खोल पुरा. कलेजी रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा थोडी, रोजच्या कलेजीनं व्हिटॅमिन ए जास्त होतं. उकळलेली हाडं मात्र काढून टाका, शिजलं की हाड काचेसारखं फुटतं.

प्रश्न : गोठ्यातलं बैलांचं आंबोण कुत्रा चोरून खातो. चालतं ना?
— एक ताई, पारोळा

उत्तर : ताई, त्यात सरकी ढेप असेल तर अजिबात नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, बैल-गाईचं मोठं पोट ते बऱ्यापैकी पचवून निकामी करतं, कुत्र्याकडे तसलं पोट नाही. एका दिवसात काही दिसत नाही, आठवडे-महिने साठत जातं आणि मग हृदयावर येतं. मी नवीन डॉक्टर असताना आमच्याच घरच्या कुत्र्याला धाप लागायची, मी त्याला फुप्फुसाचं इंजेक्शन देत बसलो बारा दिवस, आणि तेराव्या दिवशी आई सहज म्हणाली, "अरे तो रोज ढेपेचं टोपलं चाटतो." वाचला नाही. आपल्याकडे कपाशीमुळे प्रत्येक गोठ्यात ढेप आहे, टोपल्यावर झाकण ठेवा. खत म्हणून आणलेली एरंडी ढेप तर याहून वाईट, तिचा वास कुत्र्याला आवडतो आणि थोडीशी खाल्ली तरी जीव जातो.

प्रश्न : मादी गाभण आहे, दीड महिना झाला. आतापासूनच कॅल्शियमचं टॉनिक सुरू करू ना, पिल्लांची हाडं मजबूत होतील?
— अमळनेर

उत्तर : नका. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम दिलं की तिचं शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि व्यायल्यावर दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम एकदम पडून झटके येतात. ६३ दिवसांचा हिशोब असतो, शेवटचे तीन आठवडे खाणं हळूहळू दीडपटीपर्यंत न्या, पिल्लांचंच पॅकेट तिला घाला. व्यायल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला रोजच्या दुप्पट-तिप्पट लागतं, तेव्हा हात आखडू नका. पिल्लांना तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पातळ लापशीसारखं चाटवायला सुरुवात करायची.

थोडक्यात :

कारवानी आणि मुधोळला वेगळं खाणं लागतं का (साक्री) — नाही. मुधोळवर २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं म्हणून त्याचं पोट काही वेगळं झालं नाही.

भरीत, शेवभाजी उरली तर (जळगाव) — दोन्ही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. काळा मसाला राहू द्या तुमच्यासाठीच. द्राक्षं-मनुकाही बंद, किडनी जाते.

कच्चं अंडं (भुसावळ) — उकडून द्या, पांढरं कच्चं नीट पचत नाही.

केळं (यावल, आणि आणखी सात जण) — चालतं. अर्धं, सालीशिवाय, आणि ते जेवणात धरू नका.